सोळा खुणांचा चोर

"तीन घरं फुटली, अन् तिन्हीकडं एकच गडी! तुमचाच कागद सांगतोय. सहा महिने झाले, कुठं लपलाय हा?" फौजदारानं टेबलावर फाइल आपटली.

"मला काय इचारता? मी डाग कापतो, माणसं न्हाई धरत," चिमटा म्हणाला.

एकोणीस वर्षं हातातला चिमटा सुटला नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याचं हेच नाव पडलेलं. गुन्ह्याच्या जागेवरून आलेल्या कापडावरच्या डागातून डीएनए काढायचा, त्यातल्या सोळा ठिकाणच्या खुणा वाचायच्या, हे त्याचं काम. हुबेहूब जुळे सोडले तर दोन माणसांच्या सोळाही खुणा सारख्या निघत नाहीत.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी मात्र निकाल लावूनच टाकला होता. "चोर कसला! तिन्ही नमुन्यांत ह्याचाच घाम पडलाय. सोमवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर घरी बस." मेमो चिमट्याच्या खिशात होता.

चिमटा आता शेजारी उभ्या मोठ्या साहेबांकडं वळला. "साहेब, माझ्या खुणा जुळवल्या. झाडूवालीच्या, कारकुनाच्या, सगळ्यांच्याच जुळवल्या. एकाच्याबी लागत न्हाईत. आता तुम्ही तेवढे राहिलात."

"मी? मी काय चोर आहे?"

चोर नव्हते, पण मोठी केस आली की साहेब मास्क न लावता टेबलावर वाकून अर्धा तास भाषण ठोकायचे. समोरच्याला तोंड पुसावं लागायचं. टेबलावरच्या उघड्या डागाला कुठलं तोंड पुसता येणार!

"चोर न्हाई, तर मग भ्यायचं कशाला?" फौजदार हसला. साहेबांचा स्वाभिमान डिवचला गेला. त्यांनी आ वासला. चिमट्यानं गालाच्या आतून कापूस फिरवला.

दोन दिवसांनी मशीननं कागद काढला. सोळापैकी सोळा.

"साहेब," फौजदार फार अदबीनं म्हणाला, "घरं फुटली त्या तिन्ही दिवशी आपण कुठं होता?"

साहेबांना घाम फुटला. चिमट्यानं डागांचे तुकडे चटकन बाजूला सरकवले.

"चोरीचं सोडा. तिन्ही डाग कापले तेव्हा साहेब हितंच. माझ्या डोक्यावर उभं राहून बोलत होते, त्यांचीच थुंकी डागांवर पडली," चिमटा म्हणाला. "मी तसं लिहून देतो. आधी माझा मेमो फाडा."

साहेबांनी तो आपल्या हातानं फाडला. संध्याकाळी परिपत्रक निघालं: कर्मचाऱ्यांनी मास्क लावावा. चिमट्यानं सही केली, हातमोजे घातले आणि नव्या केसच्या डागाची पुडी फोडली. मागं साहेब मास्क न लावताच येऊन उभे राहिले.

"हे बघ, या केसमध्ये—"

"भाइर, साहेब," चिमटा मान वर न करता म्हणाला आणि डाग कापायला लागला.