चुन्याची भिंत

माझी थोरली मावशी शिवणकाम करायची आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची. समोरच्याचा जीव खालीवर व्हायचा, की आता एखादी गिळते. तिने कधी गिळली नाही. टाचण्या काढल्या की उलट तिचं बोलणं मिळमिळीत व्हायचं.

काका न्हावी. हात असा हलका की खुर्चीतलं गिऱ्हाईक घोरायला लागे, आणि काका त्याला न उठवता मिशीसुद्धा कातरून मोकळे होत. साठी उलटली तशी त्यांच्या डोक्यातून माणसं उतरून जायला लागली. आधी गिऱ्हाइकं गेली, मग आम्ही भाचरं, मग पोटची पोरगी. शेवटी मावशीचा चेहराही गेला. सकाळी उठून तिलाच विचारायचे, "बाई, कुणाकडे आलात?" मावशी म्हणायची, "तुमच्याकडेच. चहा पिता का?" पाहुणीच्या हातचा चहा काका अदबीने प्यायचे.

मावशीच्या दुकानामागे बोळ आहे आणि बोळाला लागून एक जुनं गोदाम. तिथे एका संस्थेने अशा विसराळू म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळायची सोय केली होती. सकाळी संस्थेची गाडी काकांना घेऊन जायची, संध्याकाळी दुकान बंद करून मावशी त्यांना आणायला जायची. पुढून वळसा कोण घालणार? ती बोळातून मागच्या दरवाजाने शिरायची. दरवाजा पत्र्याचा, खाली अडकलेला. सरळ ढकलून उघडायचाच नाही. मावशी त्याला खाली एक सणसणीत लाथ घालायची. धाडकन आवाज झाला की आत बाकावर बसलेले काका उठून उभे राहायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "आली माझी बायको. लाथ ऐकली ना?"

दिवसभरात तेवढी एकच वेळ ती त्यांना सापडायची. मग घरापर्यंत बरोबर चालत यायचे, वाटेत भांडायचेसुद्धा. "पाय मोडून घेशील एक दिवस," म्हणायचे. मावशीला ते भांडण जेवणापेक्षा गोड लागायचं. मला म्हणाली होती, "बोळातला नवरा माझा आहे. बाकीचा दिवस तो कुणाचा का असेना."

पुढे संस्थेला इमारत नवी करायला मदत मिळाली. संस्था चालवणाऱ्या ताई भल्या. त्यांनी ठरवलं, की इथे येणारी माणसं, त्यांचे घरचे, आजूबाजूचे दुकानदार, सगळ्यांनी मिळून सांगायचं काय हवं ते. नकाशे काढायला एक तरुण आर्किटेक्ट पोरगी आली. तिने पहिल्या दिवशी मोठा कागद पसरला. सगळे माना हलवत बसले, कळलं कुणालाच नाही. पोरगी हुशार. दुसऱ्या बैठकीला तिने कागद गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला इथे कशाचा त्रास होतो, तेवढं सांगा."

मग तोंडं उघडली. संडास एकच, तोही अंगणाच्या टोकाला. म्हातारी माणसं पोचेपर्यंत कपडे ओले. छप्पर गळतं. शेवटी मावशी उठली. महिन्यामागेच कुणीतरी उघडा टाकलेल्या त्या मागच्या दरवाजातून काका निसटले होते, आणि हमरस्त्याच्या मधोमध उभे राहून ट्रकवाल्याला "बसा, नंबर आलाय" म्हणत होते. सायकल दुरुस्तीवाल्याने ओढून आणलं म्हणून वाचले. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "तो मागचा दरवाजा आधी बुजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीसाठी जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती. आर्किटेक्ट पोरगी म्हणाली, "मावशी, दरवाजा बुजवला की तिथेच न्हाणीघरं आणि संडास बसतील. दोन्ही त्रास मिटले." मावशी घरी आली ती दोन बोटं उंच होऊनच.

पुढच्या बैठकीला त्या पोरीने चुन्याची फक्की आणून सगळी नवी इमारत जमिनीवर आखली. खऱ्या मापाची. आत, अंगणात, जिथे जी खोली येणार तिथे पांढऱ्या रेघा. म्हणाली, "आता यात राहून बघा." दिवसभर लोक त्या रेघांमध्ये वावरले. सायकलवाला दमून जमिनीवर टेकला, तर कुणीतरी ओरडलं, "अरे ऊठ, संडासात बसलायस!"

"मग बरोबरच बसलोय," तो म्हणाला.

संध्याकाळी मावशी दुकान बंद करून आली. रोजच्यासारखी बोळातून, रोजच्यासारखी लाथ. काका उठले आणि चुन्याची रेघ ओलांडून, दुसरी ओलांडून, सरळ तिच्याकडे गेले.

"काका संडासातून चालले बघा!" सायकलवाला म्हणाला.

सगळे हसले. ताई हसल्या. मावशी तर पोट धरून हसली. काकांच्या पायाला चुना लागला होता तो तिने खाली वाकून झटकला.

तिथे भिंत उभी होती, हे कुणालाच दिसलं नाही. चुन्याच्या भिंतीतून माणूस चालत जातो.

काम सुरू झालं तरी काही बिघडलं नाही. पुढची बाजू खणलेली, म्हणून जो तो मागच्याच दरवाजाने ये-जा करत होता. तो दरवाजा अगदी शेवटी बुजवला. गवंडी विटा लावत होता तेव्हा मावशी सगळ्यांना सांगत होती, "ही माझी भिंत बरं का."

नवी इमारत खरंच देखणी झाली. पुढचं फाटक चाकांवर सरकणारं, बोटाने ढकललं तरी आवाज न करता उघडणारं. पहिल्या संध्याकाळी मावशी त्या फाटकातून आत गेली. काका बाकावर होते, न्हाणीघराच्या भिंतीकडे तोंड करून.

"चला, घरी जाऊ."

काकांनी वर पाहिलं. "बाई, कोण हवंय तुम्हाला?"

"थट्टा पुरे. उठा."

"परक्या बाईबरोबर कुठे येऊ? माझी बायको येईल आता. तिने बघितलं तर तुमचीही धडगत नाही आणि माझीही."

गाडीवाल्याने समजूत घालून त्यांना घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही तेच. एकदा मावशीने त्या नव्या फाटकाला लाथ घालून बघितली. फाटक नुसतं सरकलं आणि ती पडता पडता वाचली. पहारेकरी म्हणाला, "मावशी, अहो ढकला की, हलकं आहे." काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या लेखी लाथ त्या बाजूने यायचीच नव्हती.

ताईंच्या कानावर गेलं. त्या मावशीकडे आल्या. म्हणाल्या, "मावशी, पुन्हा बैठक बोलावते. दरवाजा पुन्हा काढू."

मावशीने न्हाणीघराकडे बघितलं. एक म्हातारी कोरड्या कपड्यांत बाहेर येत होती, कठड्याला धरून, एकटी, ताठ.

"कशात काढता? सगळे नळ त्याच भिंतीत आहेत," ती म्हणाली. "माझ्या एका लाथेसाठी इतक्या जणांची सोय मोडायची? राहू द्या. टाळ्या माझ्यासाठीच वाजल्या होत्या."

त्यानंतर ती दुकान लवकर बंद करायला लागली आणि काकांजवळ बाकावर जाऊन बसायची. गाडी निघेपर्यंत. मीही एकदा गेलो होतो. मावशीच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. काका भिंतीवरची नजर काढत नव्हते. मग त्यांनी तिच्याकडे मान वळवली आणि अदबीने म्हणाले, "बाई, राग मानू नका, जरा पलीकडे बसता का? माझी बायको दमून येते. तिला इथे बसायला जागा लागेल."

मावशी उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.