शार्लटटाउनला, एका व्हिडिओच्या परवानगीसाठी

ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडला जाऊ नका, असं बहुतेक जण सांगतील. किनारे ओस असतात, छोटी हॉटेलं एकेक करून बंद होत असतात आणि वाऱ्याचा जोर वाढलेला असतो. आम्ही ऑक्टोबरमध्येच गेलो, कारण बैठक तेव्हा होती.

या बेटावर मी आणि माझे पती अनिल नऊ वर्षं राहिलो. तो तिथल्या कॉलेजात कंप्युटर शिकवायचा. दीड वर्षापूर्वी तो गेला. मी ऑटव्याजवळ कनाट्याला नोकरी घेतली आणि त्यानंतर तिकडे फिरकले नव्हते. सप्टेंबरमध्ये त्याच्या डॉक्टरांचा फोन आला. आजारपणात त्यांनी अनिलचं चालणं, बोलणं, हातांची हालचाल व्हिडिओवर घेतली होती, स्वतःच्या उपयोगासाठी. आता नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक नवा वर्ग सुरू होणार होता. ज्याचा मेंदू हळूहळू साथ सोडतोय अशा माणसाची संमती कशी घ्यायची, ती कुठवर खरी धरायची, हे त्यात शिकवायचं होतं आणि अशा शिकवण्याने काही फरक पडतो का, याचा अभ्यासही करायचा होता. त्यासाठी त्यांना तो व्हिडिओ हवा होता.

अनिलने परवानगी दिली होती ती डॉक्टरांपुरती. म्हणून प्रकरण हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीपुढे गेलं होतं. संशोधनासाठी रुग्णाला किंवा त्याच्या माहितीला हात लावायचा तर आधी ही कमिटी बघते, की त्यात कोणाचं नुकसान तर होत नाही ना. डॉक्टर म्हणाले, "निर्णय पत्नीचा आहे. फोनवर सांगितलंत तरी चालेल. पण व्हिडिओ बघायचा असेल तर इथेच यावं लागेल, तो आम्ही बाहेर पाठवत नाही."

मी तो कधी पाहिला नव्हता. मी जायचं ठरवलं.

टोरांटोजवळ मार्कहॅमला माझे धाकटे दीर राहतात, राजेश भाऊजी. त्यांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "मी येतो. एवढ्या लांब हायवेवर तुम्ही एकट्या नको." ते का येत होते हे मला कळत होतं. अनिलचा आजार आनुवंशिक होता. नाव इथे लिहीत नाही. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. नागपूरला सासऱ्यांचे हातपाय आपोआप हलायला लागले तेव्हा वस्तीतले लोक दारू म्हणाले. त्यांनी जन्मात दारू घेतली नव्हती. राजेश भाऊजींनी स्वतःची तपासणी करून घेतलेली नाही. त्यांच्या दोन्ही मुलींना मोठेबाबा, म्हणजे अनिल, आजारी होते एवढंच माहीत होतं. मार्कहॅमच्या आपल्या मंडळींत एका घरी गोष्ट कळली की रविवारच्या बुद्धवंदनेपर्यंत ती सगळीकडे पोचते. उद्या त्या व्हिडिओची बातमी तिथवर गेली तर मुलींना ती कोणाकडून तरी कळणार होती.

पहिला दिवस. भाऊजी आदल्या रात्रीच माझ्याकडे आले होते; कनाट्याहून पहाटे निघालो. माँट्रियाल गर्दीच्या आधी ओलांडायचं असेल तर हाच उपाय आहे. पुढे पाट्या फक्त फ्रेंचमध्ये, पण सॉर्टी म्हणजे बाहेर पडायचा रस्ता एवढं कळलं तरी भागतं. क्वेबेक शहरानंतर सेंट लॉरेन्स नदी डाव्या हाताला येते आणि बराच वेळ सोबत करते. मेपलची पानं निम्मी गळली होती. पेट्रोल मोठ्या गावातच भरून घ्या. खाण्याची सोय मी घरूनच केली होती, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

"वहिनी, हे धपाटे कोणी फेकून मारले तर टाके पडतील," भाऊजी म्हणाले.

"मग चौथा कशाला घेतलात?"

"पुरावा नष्ट करतोय."

रिव्हिएर-दु-लूपला कॉफी घेतली. तिथून रस्ता नदी सोडून डोंगरात शिरतो. भाऊजींनी समोर बघतच विचारलं, "तुम्ही नाहीच म्हणणार ना?"

"अजून पाहिलंच नाही मी."

"पाहून काय होणार? चेहरा तर दादाचाच राहणार. आणि दादाचा चेहरा म्हणजे माझा चेहरा. आत्याबाई अजून फोटोत आम्हाला दोघांना चुकतात."

"मला तुमचं कळतं, भाऊजी."

"कळतं म्हणता, आणि हो म्हणाल. दादाला शिकवायची हौस होती म्हणून."

त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

मुक्काम एडमंडस्टनला, न्यू ब्रन्सविकमध्ये शिरल्या शिरल्या. हायवेलगतचं साधं मोटेल, खोल्या स्वच्छ. इथे घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका. आम्ही विसरलो आणि सकाळचा फुकटचा नाश्ता हुकला.

दुसरा दिवस. दिवसभर सेंट जॉन नदीच्या काठाने. रस्ता उत्तम, वाहनं कमी, मूस नावाच्या अजस्र हरणांपासून सावध राहण्याच्या पाट्या मात्र सतत. हार्टलंडचा छप्पर असलेला लाकडी पूल थोडं आत वळून बघता येतो. आत लाकडाचा जुना वास येतो आणि गाडी हळू न्यावी लागते. पूर्वी बेटावरून ऑटव्याकडे येताना अनिल इथे हमखास थांबायचा. भाऊजींनी न विचारताच गाडी वळवली.

बेटाचा मोठा पूल जवळजवळ तेरा किलोमीटरचा आहे. कठडे इतके उंच की गाडीतून समुद्र दिसतच नाही. टोल बेटावरून बाहेर पडताना द्यायचा असतो, जाताना काही नाही. पलीकडे उतरलं की लाल माती, बटाट्यांची काढलेली शेतं आणि आकाश.

शार्लटटाउनमध्ये, बेटाच्या राजधानीत, एका घरगुती लॉजवर उतरलो. मालकीण चावी देता देता थांबली. "यू आर अनिल्स वाइफ," म्हणाली आणि भाऊजींकडे बघून अवघडली. तिचा मुलगा अनिलकडे शिकला होता. भाऊजी जिन्यात म्हणाले, "हे गाव की मार्कहॅमचं मंडळ?"

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटल. कमिटीच्या अध्यक्ष साठीच्या बाई, नर्सिंग शिकवणाऱ्या. आधी आम्हाला एका छोट्या खोलीत व्हिडिओ दाखवायचा, मग बैठकीत आमचं म्हणणं ऐकायचं, असं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही टोरांटो नाहीतर अमेरिकेतली प्रकरणं घेऊन शिकवतो. मुली ऐकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आपल्या वॉर्डातला माणूस त्यांनी कधी पाहिलाच नाही."

व्हिडिओत अनिल निळ्या स्वेटरमध्ये होता. हात मांडीवर ठरत नव्हते. डॉक्टरांचा आवाज त्याला नाकाला बोट लावायला, सरळ रेषेत चालायला सांगत होता. तो चालताना मी खुर्चीची कड धरली. मग डॉक्टरांनी विचारलं, "हे पुढे कधी विद्यार्थ्यांना दाखवावंसं वाटलं तर?"

अनिल इंग्रजीत बोलत होता, सावकाश, शब्द शोधत. "विद्यार्थी चालतील. मला सवय आहे, ते तसंही लक्ष देत नाहीत." मग म्हणाला, "पण माझ्या भावाला विचारा. बायकोला विचाराल तर ती हो म्हणेल. तिला वाटेल, याला हवं होतं. भावाला विचारा. हे त्याच्यातही असू शकतं."

भाऊजी उठून खिडकीशी गेले. बाहेर पार्किंग होतं, दुसरं काही नव्हतं. ते न वळताच म्हणाले, "पुन्हा लावता का? शेवटचं."

अध्यक्षबाईंनी पुन्हा लावलं.

मी त्यांना विचारलं, "यांना कोणी विचारलं का नाही?"

त्यांनी सबब सांगितली नाही. "माणूस गेल्यावर आम्ही पत्नीला विचारतो. भाऊ आमच्या नियमात कुठेच बसत नाही. त्याने सांगितलं होतं, आणि तरीही आम्ही नियमच पाहिला."

बैठकीची खोली तळघरात होती. लांब टेबल, आठ माणसं, कॉफीचा थर्मास. अध्यक्षबाईंनी पहिला प्रश्न केला, "अनिलला कोण ओळखत होतं?" तीन हात वर झाले. वॉर्डातली नर्स मार्लीन, कॉलेजातले एक प्राध्यापक, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या कमिटीत सामान्य नागरिक म्हणून होत्या आणि त्यांचा कंप्युटर अनिल दुरुस्त करून द्यायचा. तिघंही आपापला कप घेऊन मुकाट्याने बाहेर गेली. आता निर्णयाला पुरेशी माणसं उरली नव्हती. मग हॅलिफॅक्सच्या एका सदस्याला फोनवर घेतलं आणि टेबलाच्या मधोमध स्पीकर ठेवला.

मला ते विचित्र वाटलं. आपल्याकडे घरात काही ठरवायचं असलं की जवळच्यांना बोलावून घेतात. इथे जवळचे उठून गेले आणि ज्याने अनिलला कधी पाहिलं नाही त्याचं मत फोनवरून आलं. अध्यक्षबाईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मोठ्या शहरात तटस्थ माणूस सहज मिळतो. आम्हाला तो खुर्च्या रिकाम्या करून मिळवावा लागतो."

स्पीकरमधून प्रश्न आला, चेहरा धूसर केला तर?

"बेटावर या वयाचा कंप्युटर शिकवणारा भारतीय माणूस एकच होता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चाल बघूनही लोक ओळखतील."

मग त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, "माझं मत त्याने आधीच ओळखलं होतं. आता ज्यांना विचारायला त्याने सांगितलं त्यांना विचारा."

भाऊजी उभे राहिले. तिथे कोणीच उभं राहून बोलत नव्हतं. म्हणाले, "मी नाही म्हणायला आलो होतो. आता नाही म्हणवत नाही, आणि हो पण म्हणवत नाही. मला दोन मुली आहेत. त्यांना काहीच माहीत नाही. त्यांना हे माझ्या तोंडून कळायला हवं. मला वेळ द्या."

"किती?" फोनमधल्या माणसाने विचारलं.

"मुलींना सांगायला किती लागतो ते मला माहीत नाही, सर."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकांवर ती तिघं होतीच. प्रकरणाबद्दल बोलायची त्यांना मनाई होती, त्यामुळे ती अनिलबद्दल बोलली. मार्लीन म्हणाली, "मला बॉस म्हणायचा. पाण्याचा ग्लास हातातून उडाला की म्हणायचा, बॉस, तुझ्या बागेला पाणी घातलं."

भाऊजी हसले. हसता हसताच डोळे पुसायला लागले. बँकेतल्या बाईंनी त्यांच्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि म्हणाल्या, "माझा प्रिंटर तो गेल्यापासून चालत नाही."

"मी बघू का?" भाऊजींनी विचारलं. ते त्याच धंद्यातले. दुपारी आम्ही खरंच त्यांच्या घरी गेलो. प्रिंटर सुरू झाला नाही. पण बाईंनी चाऊडर खाऊ घातलं, मासे आणि बटाट्याचं दुधातलं दाट सूप. या बेटावर आलात तर ते हॉटेलात नाही, कोणाच्या तरी घरी खा.

कमिटीचा निर्णय साधा होता. भाऊजी लेखी हो म्हणेपर्यंत व्हिडिओ कुलपात. आणि यापुढे आनुवंशिक आजार असेल तर रुग्ण बोलू शकतो तोवरच त्याला विचारायचं, तुमच्या घरात आणखी कोणाला विचारावं?

दुसऱ्या दिवशी परत निघालो. पुलावर टोल भरताना भाऊजी म्हणाले, "बरं केलं यांनी. येताना टोल मागितला असता तर मी तिथूनच वळलो असतो." मग एडमंडस्टनपर्यंत ते मुलींना कुठून सुरुवात करून सांगायचं याचाच विचार मोठ्याने करत होते. सासऱ्यांपासून सुरू करा, मी म्हटलं. दारू नव्हती, तिथून.

घरी आल्यावर प्रवासाचे फोटो पाहिले तर जेमतेम दहा-बारा निघाले, त्यातले बहुतेक रस्त्याचे. अनिलच्या जाण्याचं दुःख या प्रवासाने कमी झालं असं म्हणणार नाही. पण दीड वर्ष त्याच्या बाजूने मीच ठरवत होते, त्याला काय हवं असेल ते. व्हिडिओत त्याने ते काम माझ्याकडून काढून घेतलं. त्याचं थोडं वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं.

हा मजकूर टाकण्याआधी भाऊजींना वाचायला पाठवला. माणसांची नावं बदलली आहेत. त्यांनी एक परिच्छेद काढायला सांगितला, तो काढला.

मागच्या रविवारी मार्कहॅमहून फोन आला. भाऊजींची थोरली, प्रज्ञा. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी मराठीत.

"मोठीआई, बाबा टोल्ड अस."

"हं."

"कॅन आय सी द व्हिडिओ?"

"बाबांना विचारलंस का?"

"ही सेड आस्क यू."

"मला विचारलं तर मी म्हणेन, बाबांना विचार."

ती वैतागल्यासारखी हसली. मग आवाज बारीक करून तिने विचारलं, "डझ ही लुक रिअली बॅड?"

खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "हात थांबत नाहीत. चालताना पडेल की काय वाटतं. बोलतो मात्र अगदी तुझ्या मोठेबाबासारखाच."

फोनवर मागे भाऊजी कोणाला तरी टीव्ही बंद करायला सांगत होते.

"ओके," प्रज्ञा म्हणाली. "देन आय वाँट टू कम टू द आयलंड. बट बाबा शुड सिट नेक्स्ट टू मी."