आधीच मंदावलेला तारा

या सदरातल्या पिंपळावरच्या बायका आणि गाडीवाटेवरचे हलते कंदील वाचून मी आजवर नाक मुरडत आलो. सायन्सचा मास्तर आहे मी. अंगात येणं म्हणजे काय, हे वर्गात समजावताना मी कधी अडखळलो नाही. तरी आज लिहितो आहे... कारण जे घडलं त्यापेक्षा त्याचं पुढं जे केलं गेलं, त्याचा संताप अजून जात नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांनी माझी बदली लोहाऱ्याला झाली. तिथं वीज नव्हती. दिवेलागणीनंतर घराच्या मातीच्या माळवदावर चढलं की सगळं आभाळ आपलंच. सोलापूरच्या जुन्या बाजारातून मी एक लष्करी दुर्बीण आणली होती. हौशी निरीक्षकांच्या एका मंडळासाठी मी रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशा ताऱ्यांच्या, नोंदी पाठवायचो. शेजारच्या ज्या ताऱ्यांचं तेज ठाऊक आहे त्यांच्याशी ताडून पाहायचं आणि आकडा ठरवायचा, एवढंच काम.

माझी बायको कावेरी हळूहळू ते शिकली, आणि तिची नजर माझ्याहून बारीक निघाली. शेजारचे गुरुसिद्धअप्पा खालून ओरडायचे, "मास्तर, बाईला चांदण्या मोजाया बसवलं व्हय? भाकरी कोण थापणार?" ही वरून म्हणायची, "अप्पा, तुमच्या वाटणीच्या मोजून झाल्या की येते!"

तिचे आकडे बरेच दिवस माझ्याच नावावर गेले. शेवटी मी मंडळाच्या चिटणिसांना लिहिलं — हिला स्वतंत्र निरीक्षक म्हणून घ्या. उत्तर आलं, "महिनाभराच्या नोंदी पाठवा, मग बघू." तिला इतकी खूश मी लग्नातही पाहिली नव्हती.

उन्हाळा होता. उत्तर मुकुट या तारकासमूहात, फुटक्या बांगडीसारख्या त्या अर्धवर्तुळाच्या आत, एक तारा आहे. तो वर्षानुवर्षं एकसारखा राहतो आणि कधीतरी अचानक मंदावतो. कधी, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. त्या संध्याकाळी दुर्बीण डोळ्याला लावून कावेरी एकदम म्हणाली, "अहो, हा गेला की! लई बारीक झालाय."

मी दुर्बीण घेतली. तारा नेहमीसारखा.

"अगं, चांगला दिसतोय की."

"न्हाय हो. तुम्ही दुसराच बघताय."

मग तिनं त्याच्या शेजारचा एकेक तारा ओळीनं सांगितला. सगळे बरोबर. आम्ही पुन्हा आळीपाळीनं पाहिलं. तिला तो विझत आलेला, मला जसाच्या तसा! ढग नाही, धूळ नाही, दुर्बीण तीच. अखेर तिनं तिचा आकडा लिहिला, मी माझा, आणि दोन्ही धाडून दिले. दुसऱ्या दिवशी तिलाही तो नेहमीसारखा दिसला. तेही तिनं प्रामाणिकपणे लिहिलं.

चिटणिसांचं कार्ड आलं — घरकामानं थकलेल्या डोळ्यांना असं होतं!

पण पुढं तारा खरंच मंदावू लागला. रोज थोडा थोडा. आणि एका संध्याकाळी मला तो तिनं लिहिलेल्या नेमक्या आकड्यावर दिसला. अंगावर काटा आला तो तेव्हा.

त्याच सुमारास चिटणीस तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आले आणि तिथून एसटीनं आमच्याकडं. ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, आकडा उत्तम आहे तुमचा. फक्त तारीख पुढं घ्या. परवा तारा सगळ्यांनाच तेवढा दिसलाय, परवाची घाला. लगेच तुमचं नाव नोंदवतो."

"पण मी परवा न्हाय पाह्यलं. आधी पाह्यलं."

ते हसले. "अहो, ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडं उशिरा पोचतो. आगाऊ पोचत नाही!"

"चहा घ्या," कावेरी म्हणाली. "तो तरी वेळेवर पोचलाय."

म्हणजे खोटी तारीख चालत होती, खरी चालत नव्हती! विज्ञानाच्या नावानं खोटं लिहा म्हणणारा माणूस माझ्याच ओट्यावर बसून सांगत होता... आणि मी काय केलं? मी म्हणालो, "अगं, लिही की. तारखेनं काय बिघडतंय?" तिचं नाव लागावं एवढंच मनात होतं, पण हे लिहितानाही मान खाली जाते.

तिनं चिटणिसांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"मग त्या संध्याकाळी मी जे पाह्यलं, ते कुणाच्या नावावर घालायचं?"

चिटणीस कप ठेवून उठले.

नंतर सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. काही दोष नाही. तारा चुकला म्हणावं, तर खुणा तिनंच मला पटवल्या होत्या. योगायोग म्हणावं, तर आकडा इतका नेमका कसा? असं पुन्हा कधी झालं नाही. मी शिकलेलं सगळं लावून पाहिलं, पण उलगडा झाला नाही. तारीख तिनं बदलली नाही, आणि मंडळानं तिचं नाव घेतलं नाही, तिची नोंदही ठेवली नाही.

त्या संध्याकाळची माझी नोंद मात्र मंडळाकडं आहे. नेहमीसारखा, असं मी लिहिलं होतं. ती नोंद बरोबर आहे, कुणीही ताडून पाहावी. पण ती वाचणाऱ्याला वाटेल, त्या माळवदावर माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.