सोलापुरी चादरीचं आभाळ

दिल्लीत एचिंग, म्हणजे आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून चित्रं छापण्याचं काम, करणाऱ्यांत माझ्यासारखा कलावंत दुसरा नाही, हे लक्ष्मीबाई नगरातल्या प्रत्येक जिन्यावर मी स्वतः सांगून ठेवलं होतं. पटायचं राहिलं होतं ते फक्त मी शिकायला जायचो त्या स्टुडिओतल्या मॅडमना. दरवर्षी त्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवत, आणि तीन वर्षं त्यांनी मला भिंत दिली नव्हती. एकाच पत्र्यावरून काढलेल्या माझ्या दोन प्रती कधी सारख्या यायच्या नाहीत, एवढंच कारण.

"बाबूजी, ये जुड़वाँ नहीं, दूर के रिश्तेदार हैं," असं म्हणून त्या कागद परत करायच्या.

चौथ्या वर्षी मी जस्ताच्या पत्र्यावर आमची सरकारी क्वार्टर्स कोरली, जानेवारीच्या धुक्यातली. धुकं असं उतरलं की पत्रा आम्लातून काढताना मला शिंका आल्या. बारा प्रती काढायचं ठरवलं. सहा झक्क आल्या, आणि सातवीच्या आधी छपाईच्या यंत्राचा नमदा फाटला. नमदा म्हणजे रूळ आणि ओला कागद यांच्यामध्ये घालायचं लोकरीचं जाड कापड. त्याच्या दाबानं कागद पत्र्याच्या रेघांत शिरतो आणि शाई उचलतो.

"पानिपत से कंबल ले आइए," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, आमचे लोक एकदा गेले होते, तो अनुभव पुरे आहे. सोलापूरची चादर घरात असताना मराठी माणसानं पानिपतला कशाला जायचं?

"अहो, ती माझ्या माहेरची आहे," बायको म्हणाली.

"म्हणून तर नेतोय. तुझ्या माहेरच्या दाबाची मला खात्री आहे."

"शाई लागली तर तुम्हीच पांघरायची. उन्हाळ्यातसुद्धा."

चादर दुहेरी करून रुळाखाली अडकवली आणि उरलेल्या सहा प्रती काढल्या. पाहतो तर आभाळभर चादरीची वीण उमटलेली. धुक्याला उभे-आडवे धागे. पण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहा प्रती तंतोतंत सारख्या होत्या, कारण चादर जागची हललीच नव्हती.

मॅडमनी त्या खिडकीच्या काचेवर एकीवर एक धरून पाहिल्या.

"ये आसमान आपने सोचा था?"

"बिल्कुल," मी म्हणालो. मग त्यांच्या चष्म्याकडे पाहून म्हणालो, "चादरीनं सोचा. मी तिला आणलं."

त्यांनी भिजवलेला एक कागद पुढे केला. "मेरे सामने एक और. वैसा ही आया तो दीवार आपकी. नहीं आया तो ये सब हादसा था."

मी पत्र्यावर शाई चढवली, जाळीच्या कापडानं पुसली, कडा साफ केल्या, कागद ठेवला, वर चादर ओढली आणि यंत्राचं चाक एका दमात फिरवलं.

मॅडमनी ही चादरीची सातवी प्रत आधीच्या सहांवर ठेवून काचेला लावली. रेघेवर रेघ बसली. मग नमद्यानं काढलेल्या पहिल्या सहा प्रती उचलून माझ्या हातात दिल्या. एका संचात सगळ्या प्रती सारख्याच लागतात, म्हणून मी त्या फाडल्या. चांगल्या होत्या, पण वेगळ्या घरच्या होत्या.

उरलेल्या सातांवर, सातांतली कितवी ते कळावं म्हणून, पेन्सिलीनं आकडे घातले, एक भागिले सातपासून सात भागिले सातपर्यंत. मॅडमनी खिळा दिला. पुन्हा कुणी प्रत काढू नये म्हणून पत्र्यावर मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली ओढली.

"कौन सी दीवार?" मी विचारलं.

"दरवाज़े के सामने वाली," त्या म्हणाल्या, "और चादर धुलवा के भिजवाइए भाभीजी को."