बिनचाकांची गाडी

निघताना सासूबाईंनी अभिजितच्या हातावर दही ठेवलं, माझी ओटी भरली आणि सुमोच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आम्ही गाडीत बसलो, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, आणि तेवढ्यात त्यांनी अभिला परत घरात बोलावलं. एकदा उंबरा ओलांडल्यावर मागे फिरू नये असं माझ्या पुण्याच्या आईने मला बजावलं होतं, त्यामुळे मला ते तेव्हाच खटकलं. खिडकीतून दिसत होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःच्या गळ्याचं कातडं चिमटीत धरलं होतं आणि त्या म्हणत होत्या, "माझ्या गळ्याची शपथ हाय. तिथं दोन चाकांच्या गाडीवर बसायचं न्हाई."

त्यांच्या मागे भिंतीवर सुनीलदादांचा फोटो होता. अभिचे थोरले भाऊ. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मित्रांबरोबर मोटारसायकलची शर्यत लावली आणि घरी आला तो निरोप. तेव्हापासून त्या घरात दोन चाकांचं काही उरलं नव्हतं, अभिची सायकलसुद्धा कोणाला तरी देऊन टाकली होती. अभि म्हणाला, "घेतली शपथ. आता सोड, विमान चुकेल."

परदेशी गेलेल्या तुम्हा सगळ्यांनाच कोणी ना कोणी काहीतरी बजावलं असेल. दारू पिऊ नको, तसलं मांस खाऊ नको, गोरी सून आणू नको. त्यातलं किती पाळलं ते तुमचं तुम्हाला माहीत. आमच्या वाट्याला हे आलं होतं. ही दोन हजार चार सालची गोष्ट. आमच्या लग्नाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला अभि एका कंपनीत इंजिनं तपासायच्या कामावर होता. दिवसभर काचेपलीकडे इंजिन गर्जायचं आणि हा अलीकडे बसून आकडे बघायचा. संध्याकाळी घरी यायचा तर इथली शांतता. ही शांतता काय असते ते नव्याने आलेल्यांनाच कळतं. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावला तर खालच्या मजल्यावरच्या फ्राउ, म्हणजे बाई, दारावर येऊन उभ्या राहायच्या. पुण्याच्या मुलीला ही शांतता एक वेळ मानवते, पण हा कोल्हापूरचा, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या आवाजात वाढलेला. पहिल्या हिवाळ्यात तो खिडकीशी उभा राहून नुसता बर्फाकडे बघायचा. मला वाटायचं, याला घरची आठवण येते. मीच वेडी.

त्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याची गाठ डीटरशी घालून दिली. डीटर ऑल्गॉय या डोंगराळ भागातल्या एका खेड्यातला सुतार, साठीचा, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. त्याचा एक फेराइन होता. या देशात चार माणसांना एकच वेड लागलं की ती मंडळ काढतात, वर्गणी ठरवतात आणि सभेचा वृत्तांत लिहितात. यांचं वेड म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, हातात मोटारसायकलसारखा दांडा, आणि वेग वाढवायचा तो उजव्या अंगठ्याने खटका दाबून. एका शेतकऱ्याच्या कुरणावर बर्फ दाबून सरळ पट्टी करायचे. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, पिवळे दिवे उतरत उतरत हिरवा लागायचा आणि दोघे सुटायचे. पापड भाजायला लागतो त्याहून कमी वेळात सगळं संपायचं. तेवढ्यासाठी अख्खा दिवस गारठायचं.

अभि पहिल्यांदा त्या गाडीवर बसला त्या दिवशी मी बरोबर होते. मी म्हटलं, "अभि, शपथ." तो हेल्मेटच्या आतून हसला. "बघ ना खाली. याला चाकंच नाहीत."

मी खूप भांडले. रुसून बसले, जेवण बंद केलं, पुण्याला फोन करीन म्हटलं. पण खरं सांगते, त्या कुरणावरून परतताना त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला झिंडेलफिंगेनमध्ये कधी दिसलं नाही. आणि त्याचं ते चाकांचं कारण त्यालाही पटलेलं नव्हतं. शर्यत संपली की हा अंगावरचं काही न काढता आधी गाडीतून टेलिफोन कार्ड शोधायचा आणि कोल्हापूरला फोन लावायचा. "आई, काय करतीस? बरी आहेस ना? जेवलीस?" पलीकडून त्यांचा आवाज आला की मग याचे खांदे खाली यायचे. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं, हे शिकलेलं कोणी मानत नाही आणि न मानणाऱ्यालाही एकदा खात्री करून घ्यावीशी वाटते. आई मात्र गल्लीभर सांगत होत्या, पोरगा लांब गेला पण दर रविवारी न चुकता फोन करतो. उन्हाळ्यात फोन कमी का होतात हे त्यांना कोडंच होतं.

अभि जिंकत मात्र कधीच नसे. सुरुवात त्याची सगळ्यांत चांगली, निम्म्या पट्टीपर्यंत तो पुढे, आणि शेवटाला आला की गाडीचा आवाज खाली यायचा. दुसरा नाकभर पुढे निघून जायचा. फेराइनमधले चेष्टा करायचे. मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शेवटची रेषा दिसली की अंगठा आपोआप सुटतो. चाकं नसली म्हणून काय झालं, गळा तर आईचाच आहे ना."

आमच्या मुलीच्या, मीराच्या जन्माच्या वेळी आई आल्या. माझी आई आजारी होती म्हणून बाळंतपण सासूबाईंनी केलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, सगळं बॅगेत घालून आणलं होतं. केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आमच्या कोठीत, त्यांनी गूळ आणि सुकं खोबरं नीट लावून ठेवलं. तिथेच त्यांना हेल्मेट सापडलं. दोन्ही हातांत धरून ते वर घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. अभिला तोंडावर खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "चल, दाखवतो."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. आईंच्या साडीखाली माझी थर्मल, वरून अभिचं जॅकेट, डोक्याला मफलर. मी मीराला घेऊन तंबूत हीटरपाशी बसले, त्या मात्र पट्टीच्या कडेच्या दोरीला खेटून उभ्या. आधी गाडीपाशी जाऊन वाकून त्यांनी खाली बघितलं. "न्हाईत खरंच," म्हणाल्या. गाडीला जोडलेली एक दोरी अभिच्या जॅकेटला अडकवलेली होती, तिला हात लावून विचारलं, ही कशाला. माणूस पडला तर दोरी निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं, असं त्याने सांगितलं. "हे बरं हाय," त्या म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांचा हात गळ्याशी गेलेला मी तंबूतून बघितला. अभि सुटला, पुढे होता, आणि नेहमीसारखा शेवटाला आवाज पडला. हरला. आईंनी डीटरला खुणेने विचारलं, काय झालं. डीटर माझ्याकडे बघून म्हणाला, "आल्झो, तर यांना सांग. गाडी चांगली, पोरगा चांगला. शेवटी तो विचार करतो. विचार करणारा जिंकत नाही." मी ते त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, कसला विचार करतो. मी त्यांच्या गळ्याशीच राहिलेल्या हाताकडे बघितलं, आणि त्यांना काय ते कळलं.

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर त्या निघाल्या तेव्हा मीरा माझ्या खांद्यावर झोपली होती. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो' म्हणतात, तसं त्या म्हणाल्या, "येतो मी." रांगेत शिरल्या, आणि परत मागे आल्या. अभिचा चेहरा ओंजळीत धरला.

"सुटली," त्या म्हणाल्या. "माझ्या जिवापायी माझं पोरगं हरतंय, ते मला बघवत न्हाई. सुटली म्हणतो मी."

लहानपणी आपण सगळ्यांनीच हे केलेलं आहे. ज्याने शपथ घातली त्यानेच सुटली म्हणायचं, दुसऱ्या कोणाला ती सोडवता येत नाही. अभि तिथे, त्या चकचकीत फरशीवर, सगळ्यांदेखत रडला. मला वाटलं, चला, एक ओझं उतरलं. परतताना ऑटोबानवर तो गाणं गुणगुणत होता आणि मी मागे बसून मीराचं पांघरूण उगाच पुनःपुन्हा सारखं करत होते. बाळंतीण आहेस, होतं असं, अशी मी माझीच समजूत घातली.

पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्याच शर्यतीत तो जिंकला. आवाज शेवटपर्यंत पडला नाही. फेराइनवाल्यांनी त्याला उचलून घेतलं, बीअर आली, फोटो झाले. संध्याकाळी घरी पोचलो तर फोन वाजत होता. आई. "आज फोन न्हाई आला?" अभि अंघोळीला गेला होता. त्याला फोन करायची आठवणच झाली नव्हती, कारण आता खात्री करून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी आईंना सांगितलं, जिंकला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं. पण फोन करायला सांग."

त्यानंतर तो जिंकतच गेला. घरात कप आले, मीरा त्यातल्या एकात चमचा वाजवायची. मी बरोबर जायचं बंद केलं होतं, पण फेब्रुवारीतल्या त्या रविवारी गेले. आदल्या दिवशी ऊन पडलं होतं. कुरणाचा बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला होता आणि पट्टी काचेसारखी चमकत होती. सकाळी डीटर बुटाची टाच आपटत शेवटपर्यंत चालत गेला. रेषेपुढे थांबायला मोकळी जागा, मग गवताचे भारे, मग झाडी. परत येऊन तो सगळ्यांना म्हणाला, आज अंगठा लवकर सोडा. अभि म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर, असं म्हणाला.

दोघे सुटले. शेजारच्या गाडीचा आवाज शेवटाआधी पडला, डीटरने सांगितलं होतं तसाच. अभिचा पडला नाही. मी मीराला घेऊन दोरीपाशी उभी होते आणि मनात म्हणत होते, सोड, सोड, अंगठा सोड. तो रेषेच्या पलीकडे गेला. ब्रेक लावलेला दिसला, पट्टा थांबला, आणि गाडी तशीच सरळ घसरत भाऱ्यांवर गेली. जॅकेटला अडकवलेल्या त्या दोरीने आपलं काम चोख केलं. तो उडाला त्याच क्षणी इंजिन बंद झालं. त्या शांततेत लाउडस्पीकरवाल्याने, ज्याला अजून काही दिसलं नव्हतं, त्याचं नाव विजेता म्हणून पुकारलं.

फोन मलाच करावा लागला. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मी कार्डावरचे आकडे पुनःपुन्हा चुकीचे दाबत होते. कोल्हापुरात दिवेलागणीची वेळ होती. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. "अभि? जिंकलास?"

मी म्हटलं, "हो आई. जिंकला." ते खरंच होतं. पुढचं वाक्य मी म्हणायच्या आधीच पलीकडून त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

अस्थी पंचगंगेत सोडल्या. सगळे म्हणाले, आता परत ये, तिथे तुझं कोण आहे. आई एकट्या तसं म्हणाल्या नाहीत. "तू तिथंच राहा. पोरीला घेऊन राहा. हितं भिंतीवर दोन फोटो झालेत, ते मी बघतो." 'सुटली' म्हणाल्याबद्दल त्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत आणि त्यानंतरही नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी कोणाला शपथ घातलेली मी ऐकलेली नाही.

आता मीरा सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. आम्ही गावाबाहेर राहायला आलो आहोत, बस तासाला एक, आणि तिच्या वर्गातली निम्मी पोरं मोपेडवर येतात. तिलाही हवी आहे. रीतसर लायसन्स काढलं आहे, सुट्टीत बेकरीत काम करून पैसे साठवले आहेत, नाही म्हणायला तिने मला जागाच ठेवली नाही. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने आजीला मोडक्या मराठीत तीच बातमी दिली. "आज्जी, मला मोपेड मिळणार. दोन चाकं."

आई स्क्रीनवर अगदी लहान झाल्या आहेत. त्यांचा हात गळ्याशी गेला, आणि तिथून खाली आला. मीरा पाणी प्यायला उठली तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "तू घाल तिला. माझा गळा आता कामाचा न्हाई."

मोपेड आली त्या दिवशी मी मीराला दारातच थांबवलं. माझ्या गळ्याचं कातडं चिमटीत धरलं. ती हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ आहे, आधी वेग सोडायचा. शेवट दिसला की सोडायचा. कोणी पुढे गेलं तर जाऊ दे.

तिने मान डोलावली आणि जर्मनमध्ये विचारलं, "हे ग्युल्टिश कधीपर्यंत आहे?" तिकिटावर, व्हिसावर, राहायच्या परवान्यावर, इथे सगळ्यावर छापलेला असतो तो शब्द. ग्युल्टिश, म्हणजे चालू, अमुक तारखेपर्यंत. वीस वर्षं मी त्या तारखा सांभाळत आले, आणि घर कुठलं असं कोणी विचारलं की कागद बघितल्यासारखी थबकते. कोल्हापूरचं ते दार आणि हे दार, दोन्हीकडे एक बाई गळा धरून उभी आहे. मला आता एवढंच घर कळतं.

"कायम," मी म्हटलं. ती गेली. तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकला, वळणाआधी तो पडला, मगच आत आले. मराठी मी तिला जमेल तेवढं सगळं शिकवलं आहे. सुटली हा एक शब्द शिकवलेला नाही.