रांजणातला कापूस

माहेरी, कामरगावात, माझा आवाज वेशीपर्यंत जायचा. आई म्हणायची, "हिले सासरी कायले धाडता? इथूनच बोलली तं कारंज्यात आयकू जाईन." लग्न करून कारंज्यात आले आणि त्या आवाजाला कुलूप घालावं लागलं. सासऱ्यांपुढे सुनेनं आवाज चढवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी, बहिरे.

जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात त्यांची हयात गेली होती, कान तिथेच राहिले. मोठ्यानं बोललं तरच थोडंफार कळे. मी हळू बोलले तर त्यांना ऐकू येत नव्हतं, मोठ्यानं बोलले तर मर्यादा जात होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या, त्यामुळे मधे दुवा म्हणून कोणी नव्हतं. मी ताट ठेवी, ते जेवत. भाजी खारट झाली तरी "चांगली झाली, माय" म्हणत आणि मी मान हलवी. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना मुकेच होतो.

आमच्या ह्यांना गाण्याचं वेड. विजेच्या कामावर वायरमन, त्यामुळे तारा आणि डागकाम हातचा मळ. अकोल्याहून सुटे भाग आणून त्यांनी स्वतः अॅम्प्लिफायर जोडला. तबकडीच्या यंत्राच्या दोन्ही बाजूंना दोन पेट्या लावल्या, तरी समाधान होईना. "ढोलकी वाजते, पण पोटात लागत नाई," म्हणत. मग पोहरादेवीच्या यात्रेत एका तंबू टॉकीजवाल्याकडून परातीएवढा, फाटका स्पीकर उचलून आणला. खळ लावून त्याला कागदाचं ठिगळ मारलं. कुंभाराकडून रुंद तोंडाचा रांजण आणला, त्याच्या तोंडावर लाकडी कडं बसवलं आणि कड्यावर स्पीकर नुसता उताणा ठेवला. जाडा आवाज मडक्यात घुमतो म्हणे.

मग निघाली रांजणाची वरात. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हे सरकवणार आणि मी दारात, चुलीपाशी, ओट्यावर उभी राहून कुठे कसं ऐकू येतं ते सांगणार. खोलीच्या मधोमध रांजण अगदीच मुखदुर्बळ होता, दोन भिंतींच्या सांध्यात गेला की आवाज भरून यायचा. जमिनीवर खडखडू नये म्हणून मी खाली चिंध्यांची चुंबळ घातली. शेवटी कोपरा ठरला तो नेमका आमच्या तान्ह्या पोराच्या पाळण्याचा.

जयंतीच्या कव्वाल्यांची तबकडी लागली तशा फडताळातल्या वाट्या किणकिणल्या आणि अंगणात बसलेले मामाजी उठून आत आले. कोणी हाक मारली नव्हती. ते रांजणाजवळ उकिडवे बसले, तळहात त्याच्या पोटावर ठेवला आणि म्हणाले, "ढोलकी हाय ना ही? मले येऊन राह्यली." ह्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून उगाच तारा नीट करत बसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे कामावरून आले की मामाजी रांजणापाशी. हातानं ऐकायचे आणि मांडीवर ठेका धरायचे. त्या माणसाला हसताना मी तेव्हाच पाहिलं. पण पोराला दात येत होते. तासभर थोपटून डोळा लागावा आणि रांजणानं हुंकार द्यावा की ते किंचाळून उठे. माझ्या झोपेचं खोबरं झालं होतं. ह्यांना सांगितलं असतं तर कुरकुरत का होईना, त्यांनी रांजण हलवला असता. पण म्हाताऱ्याचं सुख सुनेनं मोडलं, हे मला नको होतं. चांगली सून म्हणवून घ्यायचं आणि आवाजही बंद पाडायचा, असं दोन्ही पाहिजे होतं मला. एका दुपारी जुनी गोधडी उसवली, त्यातला कापूस काढला, स्पीकर एका बाजूनं उचलला आणि बोळे करकरून रांजणात कोंबला.

संध्याकाळी पोर शांत झोपलं. मामाजींनी रांजणावर हात ठेवला. मग जागा बदलली, मग दोन्ही हात लावले. फिरणाऱ्या तबकडीकडे पाहून विचारलं, "चालू हाय ना?" ह्यांनी हो म्हटलं.

"मंग मीच संपलो. आता हेबी गेलं," असं म्हणून ते उठले.

मी चुलीपुढे होते. तेव्हाच सांगायचं, पण सांगितलं नाही. तव्यावरची भाकर करपली आणि ती मी मुकाट्यानं माझ्या ताटात घेतली. शिक्षा म्हणून करपलेली भाकर खाल्ली की झालं, असं तेव्हा वाटलं असावं. अक्कल तेवढीच.

ह्यांनाही आवाज पातळ लागत होता. त्यांनी तारा उलटसुलट जोडून पाहिल्या, अॅम्प्लिफायर उघडला, ठिगळाला शिव्या घातल्या. दोन-चार दिवस असे गेले आणि मग बापाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "बाबा, उद्या स्पीकर काढूनच पाह्यतो." तेवढ्यात मामाजी म्हणाले, "नको काढू. स्पीकर चांगला हाय. माहे कान गेले, त्याले तो काय करन?" ह्यांनी हत्यारं पिशवीत टाकली. मी सुटले, आणि सुटले म्हणून मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले, मामाजी बाजारात. मी स्पीकर उचलला. मी कापूस घाईघाईनं कोंबला होता, गाठी आणि गोधडीच्या धाग्यांसकट. आता त्यात एक धागा नव्हता. सगळा कापूस हातानं पिंजलेला, मऊ केलेला, रांजणाच्या आत चहूबाजूंनी सारखा थापून बसवलेला. जन्मभर कापसात हात असलेल्या माणसाचंच ते काम. पहिल्या संध्याकाळी ते खरंच घाबरले होते. नंतर केव्हातरी त्यांनी स्पीकर उचलला, कापूस पाहिला, कोणी आणि कशासाठी घातला ते ओळखलं. वर तो नीट करून ठेवला आणि माझी चोरी झाकायला मुलापुढे स्वतःचे कान गेले म्हणून सांगितलं.

मी रांजण रिकामा केला. मामाजी दारात दिसले तशी तबकडी लावली आणि होता तेवढा आवाज सोडला. डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या घरात पहिल्यांदा माहेरच्या आवाजात ओरडले, "मामाजी, माह्यं चुकलं." शेजारीण भिंतीवरून डोकावली. पाळण्यात पोर चुळबुळलं.

मामाजींनी ओठावर बोट ठेवलं. "हळू, माय. लेकरू उठन," म्हणाले आणि वाकून आवाज स्वतःच पार कमी केला. मग पिशवीतली वांगी माझ्या हातात दिली आणि अंगणात जाऊन बसले. त्यांना मी ऐकू गेले, की नुसतं माझं उघडलेलं तोंड दिसलं, हे मला कधीच कळलं नाही. दुसऱ्यांदा ओरडायची माझी छाती झाली नाही, आणि पुन्हा त्यांनी रांजणाला हात लावला नाही.