दोन खारींची मोसंबी कपाटात

अन्याय झाला तो तिसरीच्या पोरांवर. मागच्या सोमवारी, दुपारची खिचडी खाऊन हात धुतल्याबरोबर.

भोकरदनकडच्या आमच्या गावात मराठी आणि उर्दू शाळा एकाच आवारात भरतात. दोन्हींना मिळून मी एक चित्रांचं पुस्तक नेऊन दिलं. एका मोसंबीवरून भांडणाऱ्या दोन खारींची गोष्ट. एका टोकाकडून मराठी सुरू होते, दुसऱ्या टोकाकडून उर्दू. प्रत्येक बाजूला एकेका खारीची हकीकत, आणि मोसंबी मधल्या पानावर.

पोरं दोन्हीकडून वाचत सुटली.

“आमची खार पहिले पोचली!”

“बिलकुल न्हाई! तुमची अजून झाडावरच हाय!”

ओढाताणीत पुठ्ठा निघाला. मुख्याध्यापकांनी पुस्तक कपाटात कोंबलं, कुलूप घातलं. मोसंबी कुणाला मिळाली ते कुणालाच कळलं नाही.

मी तडक ऑफिसात. “सर, पुस्तक वाचायला असतं!”

“आन फाटलं की वर उत्तर कोण देतं? मीच देऊन राह्यलो ना?”

मी ओट्यावर बसून पत्रक खरडलं: बालवाचकांच्या हक्कांवर घाला! मराठी शाळेतल्या एका पोरीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. “दादा, यात खार कुठंय?”

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी उर्दू शाळेतल्या तिच्या कट्टर वैरिणीला घेऊन ऑफिसच्या दारात उभी. हातात बाभळीचा डिंक. “सर, आम्ही चिकटवून देतो.”

“चिकटवा. वाळलं की जल्दी कपाटात.”

एकीनं पुठ्ठा धरला, दुसरीनं डिंक लावला. पुस्तक उन्हात उघडंच ठेवलं आणि दोन्ही शाळांचे तिसरीचे वर्ग त्याच्याभोवती पालथे पडले. ही आपली खार वाचून दाखवायची, ती तिची.

“वाळलं का गं?” आतून सर.

“न्हाई सर! ओलंच हाय!” दोन्ही शाळा एका सुरात. ह्या गावात एवढी एकी मी निवडणुकीतही पाहिली नाही.

आमच्याकडच्या उन्हात डिंक वाळायला कितीसा वेळ? पण सर विचारत राह्यले आणि डिंक ओलाच राह्यला. चढावर मोसंबी एकटीला ढकलवेना, दोघींनी मिळून ढकलली, साल सोलून फोडी वाटून घेतल्या, इथवर गोष्ट गेली. मग सरांनी स्वतः येऊन बोट लावलं.

पुस्तक परत कुलपात. दुसरीच्या वर्गातली पोरं रांग लावून उभी होती, तशीच राहिली.

तुमच्याही गावच्या शाळेत असं एक कपाट आहे. उद्या सकाळी जा. ते उघडायला लावा, आणि पोरांच्या हातात पुस्तक पडल्याशिवाय तिथून हलू नका.